दहा रुपयांचा स्टॅम्प

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कोर्ट फी स्टॅम्प म्हणजे काय, हे सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पोस्टाच्या तिकिटासारखा कागदाचा एक तुकडा. किंमत दहा रुपये. या दहा रुपयांच्या स्टॅम्पाशी माझी आयुष्यात दोनदा गाठ पडली. पहिल्यांदा मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलो होतो, दुसऱ्यांदा बाहेरच्या बाजूला उभा होतो. आज या दोन्ही बाजू तुम्हाला सांगायच्या आहेत. विषय आहे माहितीचा अधिकार आणि आपले पोलीस.

आधी आतली बाजू. मी नवी मुंबईत नेरूळला राहतो. नोकरी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात झाली. १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार कायदा लागू झाला. महाराष्ट्राला तो अगदीच नवा नव्हता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा स्वतःचा कायदा २००३ मध्ये आला होता. पण केंद्राच्या कायद्याला दात होते. तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड, आणि तोही स्वतःच्या खिशातून. आमच्या साहेबांनी मला बोलावले आणि म्हणाले, "आजपासून तुम्ही जनमाहिती अधिकारी." पगारात वाढ नाही, टेबलावर एक रजिस्टर मात्र वाढले.

सुरुवातीच्या दिवसांतच एक बाई अर्ज घेऊन आल्या. त्यांचे यजमान आमच्याच खात्यात शिपाई होते. त्यांची खात्यांतर्गत चौकशी चालली होती आणि ती संपण्याआधीच ते वारले. त्या चौकशीचे कागद बाईंना हवे होते. मी फाइल उघडूनही पाहिली नाही. वरिष्ठांना विचारले, ते म्हणाले, "नसती उठाठेव कशाला? नाही म्हणून कळवा." मी कळवले. एकच ओळ. 'सदर माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही.' गोपनीय का, हे लिहिले नाही. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेही लिहिले नाही. कायद्याप्रमाणे या दोन्ही गोष्टी नकाराच्या पत्रात लिहाव्याच लागतात. मला ते ठाऊक होते. बाईंनी अपील केले नाही, त्या पुन्हा आल्याही नाहीत. खरे सांगतो, मला सुटल्यासारखे वाटले.

आता बाहेरची बाजू. जुलै २०२२ मधली रात्र. माझ्या धाकट्या बहिणीला घरात आम्ही सगळे माई म्हणतो. तिचे यजमान तळोज्याच्या एका कारखान्यात होते. दुसरी पाळी संपवून स्कूटरवरून कोपरखैरण्याला घरी येत होते. शीव-पनवेल महामार्गावर मागून एका वाहनाने ठोकर दिली आणि ते वाहन न थांबता निघून गेले. पाऊस पडत होता. माईला फोन आला तो पहाटे पाच वाजता, थेट रुग्णालयातून. आम्ही पोचलो तेव्हा सगळे संपले होते. फिर्याद माईच्याच नावाने नोंदवली गेली. गुन्हा अज्ञात वाहनचालकावर, भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ अ खाली.

पुढची दोन वर्षे आम्ही पोलीस ठाण्याच्या फेऱ्या घातल्या. ठाण्याचे नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. कोणी आमच्याशी उर्मटपणे वागले असेही नाही. बसायला खुर्ची मिळे, पाणी मिळे. "ताई, तपास चालू आहे, कळवू तुम्हाला." मधल्या काळात तपासी अंमलदार बदलून गेले. नवे साहेब आले. त्यांनीही तेच सांगितले.

माईला गुन्हेगार सापडावा असे वाटत होतेच. पण तिचा खरा प्रश्न वेगळा होता. तो तिने मला एकदाच विचारला, रात्री जेवणे झाल्यावर. "दादा, हे किती वेळ रस्त्यावर पडून होते रे?" पाळी सुटली अकराला, फोन आला पाचला. मधले सहा तास तिच्या डोक्यात घर करून बसले होते. महामार्गाच्या कडेला, पावसात, शेजारून गाड्या जाताहेत आणि कोणी थांबत नाही, असे दृश्य ती रोज पाहत होती.

जून २०२४ मध्ये मी तिला म्हटले, आपण अर्ज करू. मलाच आश्चर्य वाटले, की आधी का सुचले नाही. कदाचित पोलीस म्हटले की आपण हा कायदा विसरतो. रेशन कार्डासाठी, घराच्या नोंदीसाठी अर्ज करू, पण पोलिसांना माहिती कशी मागायची, असे आपल्याला वाटते. गंमत म्हणजे या कायद्याखालचा देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यातच दिला गेला होता.

महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. आम्ही चार गोष्टी मागितल्या. घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत. त्या रात्रीची नियंत्रण कक्षातली कॉलची नोंद आणि स्टेशन डायरीतली नोंद. तपासाची सद्यःस्थिती, आणि न्यायालयात काही अहवाल पाठवला असल्यास त्याची प्रत. सीसीटीव्ही चित्रण कोणाकोणाकडे, कोणत्या तारखेला मागितले, त्या पत्रांच्या प्रती. दहा रुपयांचा स्टॅम्प लावला आणि सहायक पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले. एकच ओळ. 'सदर गुन्ह्याचा तपास चालू असल्याने कलम ८ (१) (ज) अन्वये माहिती देता येत नाही.' मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसलो. अक्षर दुसऱ्याचे होते, पण वाक्य माझे होते. फक्त 'गोपनीय'च्या जागी 'तपास' आला होता.

श्रोतेहो, इथे थोडा कायदा सांगतो, कारण बहुतेक अर्ज याच पायरीवर अडतात. कलम ८ (१) (ज) असे सांगते, की जी माहिती दिल्याने तपासात, आरोपीला पकडण्यात किंवा त्याच्यावर खटला चालवण्यात अडथळा येईल, ती नाकारता येते. शब्द नीट ऐका. 'अडथळा येईल'. 'तपास चालू आहे' असे तिथे म्हटलेले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २००७ रोजी भगत सिंग यांच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला. तपास चालू आहे एवढेच कारण पुरेसे नाही. ही माहिती दिल्यास तपासाला नेमका काय अडथळा येईल, हे नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे. आणि कायदाच सांगतो, की अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची असते. माहिती का हवी, हे तुम्ही सांगण्याची गरज नाही. ती का देत नाही, हे मात्र त्यांना सांगावे लागते.

आम्ही तीस दिवसांच्या आत प्रथम अपील केले. त्याला सुनावणी मिळाली. अपील ऐकणारे पोलीस उपायुक्त तरुण होते. त्यांनी मूळ फाइल मागवली, पाच मिनिटे चाळली आणि शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याकडे नुसते पाहिले. मग माईला म्हणाले, "ताई, या गुन्ह्याचा तपास अकरा महिन्यांपूर्वीच बंद झालाय. 'ए' समरी गेली आहे कोर्टात."

हा 'ए समरी' शब्द बाहेरच्यांना माहीत नसतो. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करताना न्यायालयाला जो अहवाल देतात, त्याचे हे प्रकार आहेत. 'ए' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. 'बी' म्हणजे फिर्याद खोटी. 'सी' म्हणजे खरी ना खोटी, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. असा अहवाल गेला, की न्यायालयाने तो स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन तिचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग यांच्या प्रकरणात सांगितले आहे. आमच्या फाइलमध्ये नोटीस होती. ती कोपरखैरण्याच्या जुन्या भाड्याच्या घरी गेली होती आणि 'घर बंद' असा शेरा घेऊन परत आली होती. माई तोवर मुलाकडे कामोठ्याला राहायला गेली होती. तिचा नवा फोन नंबर त्याच फाइलच्या दुसऱ्या पानावर लिहिलेला होता.

यात कोणाचे कारस्थान नव्हते. म्हणून तर ते जास्त लागते. कोणी मुद्दाम काही दडवले नाही. एका कागदावर तपास बंद झाला, दुसऱ्या कागदावर तो चालू राहिला, आणि दोन कागदांची भेट घडवायला आम्हाला दहा रुपयांचा स्टॅम्प लावावा लागला.

उपायुक्तांच्या आदेशाने आम्हाला तेवीस पाने मिळाली. दोन साक्षीदारांची नावे काळ्या शाईने झाकली होती. ते योग्यच होते. कायद्यातच सोय आहे, की जेवढे देता येत नाही तेवढे झाकावे आणि उरलेले द्यावे. मी कामोठ्याला माईच्या स्वयंपाकघरात बसून ती पाने वाचून दाखवली.

काही गोष्टी वाचून राग आला. पेट्रोल पंपाला सीसीटीव्ही चित्रणासाठी पत्र गेले होते, पण घटनेनंतर सात आठवड्यांनी. पंपाने कळवले होते, की चित्रण पुसले गेले आहे. हेडलाइटच्या फुटक्या काचेचा एक तुकडा मुद्देमालात जमा होता, तो तपासणीला पाठवल्याचा कागद नव्हता.

आणि मग नियंत्रण कक्षाची नोंद आली. रात्री ११ वाजून ३८ मिनिटांनी एका टेम्पोचालकाने फोन केला होता. ११ वाजून ५० मिनिटांनी गस्तीची गाडी पोचली. रुग्णवाहिकेची वाट न पाहता हवालदारांनी त्यांना पोलिसांच्या गाडीतून रुग्णालयात नेले. १२ वाजून ७ मिनिटांनी दाखल. डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले. मोबाइल फुटलेला, पाकिटात कारखान्याचे ओळखपत्र. तेच हवालदार रात्रभर तिथे थांबले, कारखान्याच्या गेटवरून घरचा नंबर मिळवला आणि पहाटे रुग्णालयातून फोन लावला.

मी वाचायचा थांबलो. माई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचले. "म्हणजे बारा मिनिटं," ती म्हणाली. "आणि कोणीतरी थांबलं होतं." मग ती पदर तोंडाला लावून रडली. दोन वर्षांत मी तिला असे रडताना पाहिले नव्हते.

श्रोतेहो, ही नोंद पहिल्या दिवसापासून सरकारी रजिस्टरात होती. ती दिल्याने कोणाच्या तपासाला काय अडथळा येणार होता? उलट त्या नोंदीत पोलिसांचीच चांगली बाजू होती. एका हवालदाराने रात्रभर माणुसकी सांभाळली, आणि त्याच्याच खात्याने ती गोष्ट 'देता येत नाही' म्हणून बंद करून ठेवली. पारदर्शकता म्हणजे पोलिसांवर आरोप, असा समज आहे. माझा अनुभव असा, की झाकलेल्या फाइलमध्ये चूक जशी दडते, तसे चांगले कामही दडते. आणि झाकलेल्या फाइलबद्दल माणूस नेहमी वाईटच कल्पना करतो.

हा प्रश्न एकट्या माईचा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाच्या बाजूच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी अतिरेक्यांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. अशोक कामटे हे मुंबईचे अपर पोलीस आयुक्त. त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांना पडलेले प्रश्न असेच होते. ते तिथे कसे गेले, मदत मागितली गेली का, मदत यायला किती वेळ लागला? एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नीलाही ही उत्तरे सहज मिळाली नाहीत. त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला, पाठपुरावा केला आणि नियंत्रण कक्षाच्या त्या रात्रीच्या नोंदी मिळवल्या. त्यावर आधारलेले 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक त्यांनी पत्रकार विनिता देशमुख यांच्यासह २००९ मध्ये लिहिले. त्यातल्या निष्कर्षांवर वाद झाला, संबंधित अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाहीत. पण वाद निदान कागदावर झाला, नोंदी समोर ठेवून झाला. शहीद अधिकाऱ्याची पत्नी आणि कारखान्यातल्या कामगाराची पत्नी, दोघींचा अर्ज एकाच कायद्याखाली आणि दोघींचे शुल्क तेच. मला या कायद्याचे हे मोठेपण वाटते.

नवी मुंबईकरांना आणखी एक प्रकरण आठवत असेल. आपले पोलीस आयुक्तालय १९९४ मध्ये सुरू झाले. याच दलातल्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. त्यांच्या कुटुंबाला गुन्हा नोंदवून घ्यायला २०१७ उजाडले. मग उच्च न्यायालयापर्यंत धावावे लागले. मुख्य आरोपी पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला डिसेंबर २०१७ मध्ये अटक झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. नऊ वर्षे. आपल्या तक्रारीचे काय झाले, हा प्रश्न खाकी वर्दीच्या घरातल्या माणसांनाही विचारावा लागतो, हे यातून लक्षात यावे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलिसांचे सगळेच कागद उघडे करता येणार नाहीत. खबऱ्याचे नाव उघड झाले तर त्याचा जीव जाईल. उद्या कुठे छापा घालायचा आहे हे आज सांगता येणार नाही. अत्याचार झालेल्या स्त्रीचे किंवा बालकाचे नाव कोणालाही देता येणार नाही. गुप्तवार्तेसारख्या संघटनांना सरकार या कायद्यातून वगळू शकते. मात्र तिथेही भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांची माहिती वगळता येत नाही. आणि हेही खरे, की काही लोक या कायद्याचा धंदा करतात. शंभर प्रश्नांचे अर्ज टाकून अधिकाऱ्याला घाबरवतात, मग तडजोडीला बसतात. मी टेबलाच्या आत होतो, मी असे लोक पाहिले आहेत. पण त्याच वेळी हेही विसरू नये, की तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहाराची माहिती काढत होते आणि १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. प्रश्न विचारणे सगळ्यांसाठी सारखे सोपे नसते.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. अर्जात 'का' विचारू नका. 'तपासात दिरंगाई का झाली?' याला उत्तर मिळणार नाही. कायद्याने फक्त असलेला कागद मिळतो, अधिकाऱ्याचे मत मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याऐवजी कागदाचे नाव घ्या. पंचनामा, स्टेशन डायरीतली अमुक तारखेची नोंद, आवक-जावक रजिस्टरचे पान, समरी अहवाल. कागदांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, की 'का'चे उत्तर आपोआप दिसते. नकार आला तर तीस दिवसांत प्रथम अपील करा, तेही अपुरे पडले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आणि पोलीस कोठडीत असलेल्या माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर उत्तर तीस दिवसांत नव्हे, अठ्ठेचाळीस तासांत द्यावे लागते.

सीसीटीव्हीचेही लक्षात ठेवा. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत आणि त्यांचे चित्रण अठरा महिने जपून ठेवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी यांच्या प्रकरणात सांगितले. ठाण्यात आपल्याशी काही गैर घडले, तर चित्रण मागण्यात दिवस घालवू नका. आणि ठाण्यात आपले बोलणे मोबाइलवर नोंदवले म्हणून १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याची भीती घातली, तर घाबरू नका. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातले 'निषिद्ध ठिकाण' नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये म्हटले आहे.

पण मला विचाराल तर खरा सुधार अर्ज करण्यात नाही, अर्जाची गरजच न पडण्यात आहे. कायद्याचे चौथे कलम तेच सांगते. कार्यालयाने आपली माहिती आपणहून प्रसिद्ध करत राहावे. पोलिसांबाबत यातल्या काही गोष्टी आता बंधनकारक झाल्या आहेत. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे, संवेदनशील गुन्हे सोडून प्रत्येक एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवण्याचे बंधन आहे. ही तरतूद दोन वर्षे आधी असती, तर माईच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

आणखी एक गोष्ट आम्हाला त्या धावपळीतच कळली. वाहन सापडले नाही, तर मृताच्या वारसांना सरकारकडून दोन लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून ही योजना लागू आहे, त्याआधी ही रक्कम पंचवीस हजार होती. महिनाभरात वाहनाचा पत्ता लागला नाही, तर ठाण्याने वारसांना या योजनेची लेखी कल्पना द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले आहे. आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तेवीस पानांतल्याच प्रती जोडून माईने अर्ज केला, आणि काही महिन्यांनी पैसे मिळाले. न्यायालयातही तिचे म्हणणे ऐकले गेले, फेरतपासाचा आदेश झाला. वाहन मात्र अजून सापडलेले नाही. बहुधा सापडणारही नाही.

कायद्याचे दिवस फार चांगले आहेत असे म्हणवत नाही. सतर्क नागरिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे एकट्या महाराष्ट्राच्या आयोगाकडे लाखाहून जास्त अपिले आणि तक्रारी पडून होत्या. दुसऱ्या अपिलाला वर्ष-दोन वर्षे लागली, तर दंडाची भीती कोणाला राहणार? त्यात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराचे एक कलम बदलले. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे पाहावे लागे. नोव्हेंबर २०२५ पासून ती अट त्या कलमातून गेली. व्यापक लोकहित असेल तर माहिती देता येते, ही दुसरी तरतूद उरली आहे. पण 'वैयक्तिक आहे' ही एक ओळ लिहिणे आता जास्त सोपे झाले आहे. आणि एका ओळीचा मोह काय असतो, हे मला चांगले माहीत आहे.

माई गेल्या दिवाळीत त्या हवालदारांना भेटून आली. ते आता निवृत्त झाले आहेत. डब्यात चकल्या नेल्या होत्या. त्यांना तो अपघात आठवत होता. ते म्हणाले, "ताई, आमच्या कामाची नोंद एवढ्या बारकाईनं कोणी वाचली, असं पहिल्यांदाच झालं."

मी मात्र त्या दुसऱ्या बाईंना भेटू शकलो नाही. माझ्या एका ओळीने परत गेलेल्या त्या शिपायाच्या पत्नीला. त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही. त्यांच्या मनात कोणता प्रश्न होता, तेही मी विचारले नव्हते. त्या फाइलमध्ये कदाचित त्यांच्या यजमानांना निर्दोष ठरवणारा कागद असेल, कदाचित नसेल. मी उघडून पाहिलीच नाही.

म्हणून आज हे भाषण ऐकणाऱ्या, टेबलाच्या आत बसलेल्या माझ्या बांधवांना, विशेषतः पोलीस खात्यातल्या मित्रांना, एवढेच सांगतो. द्यायचे तर द्या. नाही द्यायचे तर देऊ नका, कायद्याने तोही अधिकार तुम्हाला दिला आहे. पण आधी फाइल उघडून वाचा, आणि नकाराच्या खाली कारण लिहा, अपिलाचा पत्ता लिहा. कारण लिहायला बसलात, की पुष्कळदा तुमच्याच लक्षात येईल, की नाकारायला कारणच नाही.